लॉरीच्या दिवशी मणी

टेबलावर कुत्रा होता. टेबलाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको. दोघांना माझ्याकडून वेगवेगळं काहीतरी हवं होतं.

"डॉक्टर, याला एखादं औषध द्या. घरात करायचं थांबेल असं," शैलाताई म्हणाल्या.

"औषध राहू द्या. याला परत पाठवायला तुमचं काही सर्टिफिकेट लागतं का, तेवढं सांगा," कुलकर्णीसाहेब म्हणाले.

कुत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याचं नाव मणी. तमिळ घरांत हे नाव आपल्याकडच्या मोत्याइतकंच सर्रास. तपकिरी रंग, चारेक वर्षांचं वय, एक कान फाटलेला.

माझा प्राण्यांचा दवाखाना चेन्नईत अण्णा नगरला होता. मी मूळची सांगलीची. कुत्र्याचं दुखणं मराठीत सांगता येतं म्हणून आपली माणसं लांबून लांबून यायची. कुलकर्णी तर दोन गल्ल्या पलीकडचेच. साहेब रेल्वेत अधिकारी. मुलगा शिकायला अमेरिकेला गेला आणि शैलाताईंनी एका रेस्क्यू संस्थेतून मणीला घरी आणलं. साहेबांना न विचारता, हे ओघानेच आलं.

संस्थेची व्हॅन पुढच्या आठवड्याच्या रविवारी येणार होती. साहेबांनीच फोन करून बोलावली होती. मणीला आधीच्या एका घराने असंच परत केलेलं होतं. दोनदा परत आलेला मोठा कुत्रा सहसा तिसऱ्या घरी जात नाही, पिंजऱ्यातच म्हातारा होतो. हे शैलाताईंना संस्थेने सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरला होता.

साहेबांचाही राग अगदीच खोटा नव्हता. दोन हजारनंतरची ती कडक पाणीटंचाईची वर्षं. नळ कोरडे. बिल्डिंगला लॉरीने, म्हणजे टँकरने, पाणी यायचं, तेही लॉरीवाल्याच्या मर्जीने, दोन-तीन दिवसांतून एकदा. प्रत्येक फ्लॅटला ठरलेले कुडम, म्हणजे प्लास्टिकच्या रंगीत घागरी. साहेब त्या स्वतः जिन्याने तिसऱ्या मजल्यावर न्यायचे. आणि मणीने हॉलमध्ये केलं की एक घागर फरशी धुण्यात जायची.

"बरं, एकदा करून थांबेल तर शपथ," साहेब म्हणाले. "धुतलं की परत करतो. मुद्दाम करतो हो, मुद्दाम!"

कुत्रा मुद्दाम करतो, हे वाक्य मी नोकरी-धंद्यात इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकूही येत नाही. लघवी तपासली. इन्फेक्शन नव्हतं. दुसरी शक्यता मार्किंगची. मार्किंग म्हणजे नर कुत्रा खांबाला, सोफ्याच्या पायाला चार थेंब शिंपडून आपली हद्द आखतो ते. पण हा हॉलच्या मधोमध बसून सगळं रिकामं करत होता. म्हणजे त्याच्या लेखी तो संडास होता. मी नेहमीचा उपाय सांगितला. खाणं झालं की लगेच खाली न्या, रोज त्याच जागी न्या, केलं की शाबासकी द्या.

दोन दिवसांनी शैलाताईंचा फोन. "खाली नेलं की नुसता उभा राहतो हो. माती हुंगतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. आज परत हॉलमध्ये केलंन्. यांनी मारलं त्याला."

मी सहसा घरी जात नाही. त्या दुपारी गेले. ते बरं झालं, कारण सकाळी लॉरी येऊन गेली होती आणि कामवाली फिनाईलच्या पाण्याने फरशी नव्याने पुसत होती. मणी सोफ्याखाली झोपला होता. बादलीचा आवाज झाल्याबरोबर उठला. कामवाली बाजूला व्हायची त्याने शांतपणे वाट बघितली. मग ओल्या फरशीच्या मधोमध गेला, बसला, केलं, आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात आपल्या ताटलीपाशी जाऊन बसला.

आतल्या खोलीतून बाहेर आलेल्या साहेबांनी फरशी बघितली आणि पेपरची गुंडाळी करून दोन ठेवून दिल्या. मणी कान पाडून तिथेच बसून राहिला.

"बघा निर्लज्जपणा! वर खायला मागतोय," साहेब म्हणाले.

मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी कोडंही सुटलं. चूक केली असं वाटणारा कुत्रा कोपऱ्यात लपतो. हा काम उरकून पगार घ्यायला बसला होता.

"फरशी लॉरीच्या दिवशीच पुसता ना? मग इतर दिवशी कुठे करतो?" मी विचारलं.

"सकाळी आंघोळी झाल्या की बाथरूममध्ये शिरतो," शैलाताई म्हणाल्या. "ते काय, पाणी पडलेलंच असतं तिथे. म्हणून आम्ही काही म्हणत नाही."

मी तिथूनच संस्थेला फोन लावला. मणी आधी कुठे होता? गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका छोट्या वर्कशॉपचा राखणदार म्हणून. रात्री मोकळा, दिवसा पिंजऱ्यात. रोज सकाळी वर्कशॉपची सिमेंटची जमीन फिनाईल टाकून पाइपने धुवायचे. तेव्हा त्याला तिथेच करू द्यायचे, वरून पाणी मारायचे, आणि मग पिंजऱ्यात भात ठेवायचे. पिल्लू असल्यापासून हेच.

आमच्या धंद्यात याला सब्सट्रेट प्रेफरन्स म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. कुत्रा आपला संडास डोळ्यांनी ओळखत नाही, तळपायांनी आणि नाकाने ओळखतो. लहानपणी पायाखाली गवत असेल तर तो जन्मभर गवत शोधतो. मणीचा संडास म्हणजे ओली, फिनाईलच्या वासाची टणक जमीन. त्या वर्षी अण्णा नगरमधली घराबाहेरची माती पापडासारखी वाळली होती. तिथे करायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे आम्ही फरशी पुसतो..." शैलाताई म्हणाल्या.

"आणि त्याला वाटतं, संडास उघडला."

साहेबांनी हातातली पेपरची गुंडाळी सोफ्यावर टाकली. मी उपाय सांगितल्यावर मात्र उसळले. उपाय असा की खाली मागच्या गेटपाशी सिमेंटचा तुकडा आहे, तो रोज सकाळ-संध्याकाळ फिनाईलच्या पाण्याने ओला करायचा आणि मणीला तिथे न्यायचं.

"डॉक्टर, तुम्ही शुद्धीवर आहात ना? माणसांना प्यायला पाणी नाही, आणि मी कुत्र्याला मुतायला खाली पाणी ओतू?"

"कपडे धुतलेलं ओता. त्याला फिनाईलशी मतलब आहे, पाण्याच्या प्रतीशी नाही. घरात फरशी पुसताना त्याला खाली ठेवा. आणि हात उचलायचा नाही."

दुसऱ्या दिवशी शैलाताई बादली घेऊन खाली उतरल्या. पहिल्याच बादलीला असोसिएशनच्या सेक्रेटरींनी पकडलं. लुंगी सावरत धावत आले.

"मॅडम, व्हॉट इज धिस? पीपल आर फायटिंग फॉर वन कुडम, यू आर वॉशिंग रोड?"

शैलाताईंनी बादलीतलं गढूळ, साबणाचं पाणी दाखवलं. सेक्रेटरींनी वाकून वासही घेतला. "ओके. बट सोप वॉटर ओन्ली!" असं बजावून गेले. एवढं सगळं होईपर्यंत मणी ओल्या तुकड्यावर जाऊन, बसून, मोकळाही झाला होता. शैलाताईंनी तिथूनच मला फोन केला. इतका आनंद मी लोकांना मुलाच्या रिझल्टच्या दिवशी झालेला बघितला आहे.

आठवडाभर घर कोरडं राहिलं. पण साहेबांनी व्हॅन रद्द केली नव्हती. "मी स्वतः बघीन तेव्हा मानीन," त्यांचं म्हणणं. जन्मभर इन्स्पेक्शन केलेला माणूस. शैलाताईंनी मला येऊन थांबायला सांगितलं, म्हणून रविवारी मीही गेटपाशी हजर.

व्हॅन आली. ड्रायव्हरने मागचा पिंजरा उघडून ठेवला. साहेबांनी जमीन ओली केली आणि मणीचा पट्टा हातात घेऊन समोर उभे राहिले. मणी ओल्या जागेवर गेला. गोल फिरला. साहेबांकडे बघितलं, शेपूट पायांत घातली आणि उभाच राहिला. आम्ही सगळे एका कुत्र्याकडे टक लावून बघत होतो. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "नाही करत. आता वर जाऊन करेल."

"मी त्याला देणार नाही," शैलाताई म्हणाल्या. त्या व्हॅनच्या आणि मणीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, तो करत नाही असं नाही," मी म्हटलं. "तो तुमच्यासमोर करत नाही. तुमच्यासमोर केलं की मार बसतो, हे तुम्हीच त्याला शिकवलंय. हा माणूस बघत असला की करायचं नाही. तेवढं तो पक्कं शिकलाय."

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग मी काय करू?"

"पाठ फिरवा."

"काय?"

"त्याच्याकडे पाठ करा. भिंतीकडे बघा."

पट्टा पाठीमागे धरून साहेब कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग सिमेंटवर धार पडल्याचा आवाज आला. साहेबांची मान हलली, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

"झालं का?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"झालं. आता शाबास म्हणा."

"कोणाला, तुम्हाला?"

"त्याला."

भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "शाबास." ऑफिसात शिपायालाही कधी म्हटलं नसेल असं वाटलं. शैलाताई पदराने डोळे पुसत होत्या. व्हॅन रिकामी गेली.

पुढचं काम सोपं होतं. बादलीऐवजी तांब्याभर पाणी, मग नुसता शिंतोडा, मग कोरडं सिमेंट, मग त्याला लागून असलेली माती. पुढे पावसाने सगळं अण्णा नगरच ओलं केलं तेव्हा मणीचा जरा गोंधळ उडाला, पण तोही निभावला. घरात फरशी पुसली की तो आता दाराशी जाऊन उभा राहायचा.

काही महिन्यांनी शैलाताईंचा फोन आला. हसण्यामुळे बोलता येत नव्हतं. सेक्रेटरी घरी आले होते, साहेब ऑफिसला गेल्याचं बघून. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले होते, "मॅडम, डॉग इज नो प्रॉब्लेम. व्हेरी डीसेंट डॉग. बट युअर हजबंड... सच अ बिग ऑफिसर... एव्हरी मॉर्निंग, कंपाउंड वॉल... प्लीज टेल हिम वी हॅव लेडीज इन द बिल्डिंग."

घरात न करायला मणी दोन-तीन आठवड्यांत शिकला. साहेबांसमोर करायला मात्र शेवटपर्यंत शिकला नाही. सकाळचं फिरवणं साहेबांकडेच होतं, आणि तो जिवंत होता तोवर ते रोज भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मोठ्या कुत्र्याला शिकवणं लोक समजतात तितकं अवघड नाही. एकदा शिकवलेलं परत घेता येत नाही, एवढीच अडचण आहे.