हाला रोसेआ आणि तीन चेंडू

तिसऱ्या दिवशीही देवीबाई स्पायरोमीटरमध्ये फुंकतच होत्या. हे प्लॅस्टिकचं साधं खेळणं असतं. नळीतून हवा आत ओढली की तीन चेंडू वर चढतात. फुंकलं तर ढिम्म हलत नाहीत. पोटाच्या ऑपरेशननंतर टाके दुखतात म्हणून म्हातारी माणसं वरवर श्वास घेतात. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो. देवीबाईंचा ऑक्सिजन उतरत होता. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर आयसीयू, असं सर्जननी बजावलं आणि फाईलवर शेरा मारला: पेशंट कोऑपरेट करत नाही. शेरा मारायला यांचं काय जातं?

मी बदलापूरहून उल्हासनगरच्या या नर्सिंग होममध्ये येते, फिजिओथेरपिस्ट म्हणून. "जोर से साँस लो, आंटी," हे माझं रोजचं पालुपद. त्या मान हलवायच्या आणि फुंकायच्या. त्या दिवशी दमून पुटपुटल्या, "वहाँ तो हाला रोसेआ बोलते थे."

वहाँ म्हणजे कुरासाव, कॅरिबियन समुद्रातलं बेट. तिथे त्यांनी चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं. तिथली भाषा पापियामेंतु, आणि श्वास घेणे म्हणजे हाला रोसेआ.

हे ऐकून त्यांचा मुलगा मनोहरशेठ खुर्चीतून उठला. आईला धाप लागलेली, आणि हा मोबाईलवरचा फॉरवर्ड दाखवून मला पटवतोय की रोसेआ म्हणजे संस्कृत 'श्वास'च, फक्त अक्षरं फिरली. जगातलं सगळं आपल्याकडूनच गेलं, हे ज्ञान त्याला गल्ल्यावर बसल्या बसल्या झालेलं. सर्जन सही करता करता "इंटरेस्टिंग" म्हणाले. चेंडूंकडे दोघांनीही पाहिलं नाही. मला संताप आला.

मी देवीबाईंनाच विचारलं, हाला म्हणजे काय?

"खींचना. बंदर पे रस्सा खींचते हैं ना, वो हाला."

तीन दिवस मी नुसतं 'लो, लो' करत होते. नळी पुन्हा त्यांच्या तोंडात दिली. "आंटी, ये रस्सा है. हाला."

पहिला चेंडू टणकन वर गेला. दुपारपर्यंत दुसरा.

नंतर मी शोधलं. हाला हा स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांचा दोर ओढण्याचा शब्द. रोसेआ बहुधा धापा टाकण्याच्या स्पॅनिश शब्दावरून आला असावा. जाणकार तिथे जपून बोलतात. मनोहरशेठ जपत नाही.

आयसीयू टळलं. डिस्चार्जच्या दिवशी तो भेटायला आलेल्यांना सांगत होता, संस्कृत ध्वनीने आई वाचली. देवीबाईंनी नळी काढली. "बेटा, खींच तो मैं रही थी," म्हणाल्या आणि पुन्हा नळी लावली.

फाईलवर नवा शेरा होता: पेशंट आता कोऑपरेट करते. ती पहिल्या दिवसापासून करत होती. काय करायचं ते तिला सांगणं आम्हाला जमत नव्हतं.