हातभर अंतरावरची टेकडी

माझ्या पतींना काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. मधलं स्वच्छ दिसतं, पेपरही वाचतात, पण कडेचं सगळं हळूहळू मिटत गेलं आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर धरला आणि सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं किती काळ टिकेल ते सांगता येणार नाही. कागदावर एक वर्तुळ होतं. काळा भाग चारी बाजूंनी आत सरकत आला होता आणि मध्ये थोडी पांढरी जागा उरली होती. मी शाळेत गणित शिकवते. क्षेत्रफळाचा अंदाज मला सवयीनेच येतो. त्या दिवशी तो आला नसता तर बरं झालं असतं.

ते वीज खात्यात लाइनमन होते. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांना तारा ओढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि त्या फिरतीतच त्यांना निसर्गाचे फोटो काढण्याचा नाद लागला. नजर आखडू लागली तशी त्यांनी आधी खांबावर चढणं सोडलं, मग मोटारसायकल. मग एका सकाळी कॅमेरा माझ्यापुढे आणून ठेवला.

"तू काढ. मी सांगतो."

काय काढायचं ते त्यांच्या मनात पक्कं होतं. आम्ही राहतो त्या मुकुटबनहून झरीकडे जाताना आडवाटेला एक टेकडी आहे. पायथ्याशी कपाशीचं वावर, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकटं मोहाचं झाड. त्यांची पहिली लाइन तिथूनच गेली होती. हजार फोटो काढून झाले, पण त्या जागेचा एकही त्यांना मनासारखा जमला नव्हता. "दिसते तोवर एक पाहून घेऊ दे," ते म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं की बटण दाबण्यापुरतंच काम आहे.

पहिल्या रविवारी घरचं सगळं आवरून, स्कूटीवर त्यांना मागे बसवून मी भर दुपारी तिथे पोचले. टेकडी समोर होती, फोटो निघाले. घरी संगणकावर पाहिलं तर आकाश पांढरंफटक आणि टेकडी धुऊन विटलेल्या कापडासारखी. त्यांनी पडद्यासमोर चेहरा इकडून तिकडे फिरवला. अंधारात भिंतीवर बटण चाचपावं, तसे ते आताशा पाहतात.

"टेकडी हाये," ते म्हणाले. "उजेड नाही."

"बारा वाजताचा उजेड होता. याहून जास्त कुठून आणू?"

"जास्त नाही पाह्यजे. आडवा पाह्यजे."

त्या हिवाळ्यात आम्ही बहुतेक रविवारी सूर्य उगवण्याआधी घरून निघायचो. ते धुऱ्यावर दगडावर बसून विचारायचे, "उजेड कोन्या बाजूनं येऊन राह्यला?" मी सांगायची, "डावीकून." "झाडाची सावली कुठी पडली?" "वावरात." "मंग आता टेकडीच्या घड्या पाय. दिसल्या का?" आणि खरंच, दुपारी सपाट वाटलेल्या त्या टेकडीला घड्या असायच्या, एक बाजू उजळ, एक निळसर काळी. कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, बसवायचा, बटण दाबताना हात लागून हलू नये म्हणून दोन सेकंदांची मुदत लावायची, आकाश फाटू नये म्हणून उजेड किंचित कमीच घ्यायचा. सावलीतलं पुढे वर काढता येतं. पांढरं पडून गेलेलं आकाश मात्र परत आणता येत नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

कॅमेऱ्याच्या पाठीवर उजेडाचा एक आलेख दिसतो, तो मला पहिल्या दिवशीच कळला. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि आलेखाचा डोंगर उजव्या कडेला टेकता कामा नये. ते म्हणाले, त्यांना तो समजायला दोन वर्षं लागली होती. "फुकट नाही मास्तरीण केली घरात," असंही म्हणाले.

वाद झाला तो खांबावरून. झाडाच्या उजव्या अंगाला विजेचा खांब येत होता. आता संगणकात तो एका झटक्यात पुसता येतो.

"पूस थो," ते म्हणाले.

"तिथं हाये तो. कसा पुसू? तुमीच त गाडला."

"म्हनून त म्हन्तो. तिरपा गाडल्या गेला माह्याच्यानं."

मी पुसला नाही. पुढच्या रविवारी चार पावलं डावीकडे सरकले आणि खांब मोहाच्या खोडाआड गेला. घरी आल्यावर क्षितिज सरळ केलं, सावल्या थोड्या उघडल्या, धुरकटपणा बोटभर कमी केला, रंग वाढवण्याऐवजी जरा उतरवलेच. सकाळी पुन्हा पाहिलं आणि आदल्या दिवशी केलेल्यातलं निम्मं परत घेतलं. फोटो चांगला झाला होता. हे मी त्यांच्यावरच्या मायेपोटी म्हणत नाही, मोजून म्हणते.

मग मी चूक केली. वणीच्या फोटोवाल्याकडून मी त्याचं दोन बाय तीन फुटांचं चित्र करून आणलं आणि बैठकीत लावलं. ज्याला कमी दिसतं त्याला मोठं करून द्यावं, इतका साधा विचार होता. शेजारपाजारचे येऊन वाखाणून गेले. ते त्याच्यासमोर उभे राहिले. आधी झाड पाहिलं, मग मान वळवून टेकडी, मग खाली वावर. मग पुन्हा झाड शोधायला लागले.

"मस्त झाला," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण एकदम नाही सापडत वं. तुकडे तुकडे येते."

मला त्या कागदावरचं वर्तुळ आठवलं. ज्याला नळीतून दिसतं, त्याला मोठं चित्र म्हणजे अधिक नुकसान. लहान हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना खुर्चीवर बसवलं, हात लांब करायला सांगितला आणि हात पोचतो तेवढ्या अंतरावर फूटपट्टी आडवी धरली. नजर मधल्या खुणेवरून हलवायची नाही, मी पेन्सिल बाहेर सरकवत नेणार, दिसेनाशी झाली की सांगायचं.

"गेली," ते म्हणाले. दुसऱ्या बाजूने नेली. "गेली." वर. "गेली." खाली. "गेली."

आडवं सोळा सेंटिमीटर भरलं, उभंही साधारण तेवढंच. चार बाय सहा इंचाचा साधा फोटो आडवा पंधरा सेंटिमीटर भरतो. त्याचा कर्ण अठरा. म्हणजे चारी कोपरे गळणार. मी टेबलाशी बसले आणि ठरवलं की कोपऱ्यात काहीही ठेवायचं नाही.

पण मोठा फोटो नुसता लहान करून चालत नाही, हे तेव्हा कळलं. झाड मुंगीएवढं झालं, वावराच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. म्हणून पुन्हा गेलो. मी झाडाजवळ सरकले, कॅमेरा खाली घेतला, म्हणजे मोहाचा काळा आकार उजळ आकाशावर सुटा उभा राहिला आणि टेकडी त्याच्यामागे एका रेघेत आली. वावर जवळजवळ सोडूनच दिलं. संपादन करताना फोटो पडद्यावर नखाएवढा करून पाहायची. नखाएवढ्यात झाड आणि टेकडी ओळखू आली तरच पुढे जायचं.

वणीचा फोटोवाला चाचा मला चांगला ओळखतो. आकार ऐकून त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"भाभी, मागच्या टायमाले दरवाजाएवढा नेला, आता पोस्टकार्ड? कोनाच्या खिशात ठेवनार टेकडी?"

"तुमच्या भाऊच्या."

तो हसला नाही. त्यांच्या डोळ्यांचं त्याला माहीत होतं. चकचकीत कागद बाजूला ठेवून त्याने बिनचमकीचा घेतला. "चमक मारनार नाही," एवढंच म्हणाला.

घरी त्यांनी तो फोटो हात लांब करून धरला. चेहरा हलला नाही. मान वळली नाही. 

"हाये," ते शेवटी म्हणाले. "पुरी हाये."

ही मागच्या वर्षीची गोष्ट. फोटो त्यांच्या पलंगाजवळ असतो. या दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की तो धरताना ते हात तर ताणतातच, पण मानही मागे नेतात. जवळून तो पुरा नजरेत मावत नव्हता, हे कळायला मी फूटपट्टी काढली नाही. रविवारी धुकं होतं, मी एकटीच स्कूटी काढून गेले. मोहाच्या झाडामागे काहीच दिसत नव्हतं. झाड बरोबर मधोमध घेतलं आणि चारी बाजूंनी भरपूर रिकामी जागा ठेवली.

"टेकडी कुठी गेली?" फोटो आला तेव्हा त्यांनी विचारलं.

"धुक्यात हाये, मागं. मीनं पुसली नाही."

"थे माहीत हाये मले."

त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला. कोपर वाकवूनच धरला, आणि तसाच पाहत बसले.