ड्रममामांची फुंकर

आधी ऐकू यायची मामांची फुंकर, मग दिसायचे मामा. अकोल्यात अकोट रस्त्याला त्यांचं टिनाचं गॅरेज. जुन्या गाडीच्या मागच्या चाकाचा ड्रम हातोडीनं ठोकून सुटा करायचा आणि आत साठलेली ब्रेकची काळी भुकटी गाल फुगवून एका फुंकरीत उडवायची, ही त्यांची रीत. उडून जायची कुठे? त्यांच्याच नाकातोंडात. सगळा रस्ता त्यांना ड्रममामा म्हणायचा.

मी त्यांची अमरावतीची भाची. वडिलांची जुनी गाडी माझ्याकडे आली आणि तिच्या निमित्तानं आमची भांडणं सुरू झाली. मी ओला फडका पुढे करायची. "मामा, कावून फुकता? पुसा ना."

"ओल्यानं गंज चढते, बाई."

मग मी तोंडाला बांधायला रुमाल द्यायची. "मुसकं बैलाले बांधतेत. मी काय तुह्या बापाच्या वावरातलं पीक खाऊन राहिलो?" यावर मामी पदरात हसायची. मला मात्र रागच यायचा.

शिकवायचे छान. दोन्ही मागची चाकं एकदम उघडू द्यायचे नाहीत. "एक बाजू झाकून ठेव. स्प्रिंग कुठं व्हती थे इसरली, त दुसऱ्या बाजूले इचारता येते." ब्रेकचे लायनर बदलून झाले की गाडी पुलाच्या चढावर न्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि मामा खुशाल तिच्या मागे बसून चहा प्यायचे. माझा जीव टांगणीला. गाडी कधी सरकली नाही.

खोकला लागला तेव्हा म्हणाले, हवा बदलली. मी बोलले, तर म्हणाले, "अकोटच्या कापसाच्या जिनात लोकं जनमभर रुई गिळतेत, थे का मेले?" काही मेले होते, आणि ते मामांनाही ठाऊक होतं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक झालीत, आता मऊ व्हायची नाहीत. मेल्या त्या भुकटीनं माझा मामा आतून खाल्ला.

संक्रांतीच्या आधी ते गेले. त्याआधी मी भेटायला गेले होते, तेव्हा मामा अंगणात खुर्चीवर, नाकाला ऑक्सिजनची नळी. माझ्या गाडीचा हँडब्रेक धरत नाही, हे बोलता बोलता तोंडून निघून गेलं, मग काही ऐकेनात. "आन इथं. उघड." मी नको नको म्हणत ड्रम काढून त्यांच्यासमोर ठेवला. मामांनी सवयीनं वाकून गाल फुगवले.

भुकटी जागची हलली नाही.

पुन्हा फुगवले. आवाजसुद्धा आला नाही. मामी उठून घरात गेली. मामांनी माझ्यापुढे हात केला. "दे थो ओला फडका."

इतकी वर्षं हेच ऐकायला मी भांडले होते. ऐकलं आणि हमसून हमसून रडले. मामा दम घेत घेत ड्रम पुसत होते.

"दुसरी बाजू तू पुसजो," ते म्हणाले. "फुकू नको."