मास्तरणीचे चिंचोके

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं जमिनीवर चिंचोके मांडून बसलो होतो. माझ्या बायकोला दौंडची सारी चाळ मास्तरीण म्हणायची. मीही तेच म्हणायचो. अर्धांगानं तिची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. दवाखान्यात म्हणाले, घरी न्या, आता बोलणं यायचं नाही. मी कोळशानं फरशीवर रेघ ओढली आणि म्हणालो, "मीठभाकरी."

ही रीत तिचीच. तिचं माहेर शिरूरचं. चौथीपर्यंत शिकलेली. मी इंजिनाच्या शेडात कोळसा ओढणारा गडी, केस पिकायला लागले तरी अंगठेबहाद्दर. तिनं अक्षरं शिकवली, पण लांब शब्द आला की माझी बोबडी वळायची. तेव्हा ती म्हणाली, "मोठ्या शब्दाला भ्यायचं न्हाई. दोन गरिबांनी मिळून संसार मांडलेला असतो. आधी त्यांची घरं येगळी करायची, मग एकेका घरातली माणसं मोजायची." एका दमात तोंडातून निघेल तेवढा तुकडा म्हणजे एक माणूस, त्याला एक चिंचोका. दोन घरांच्या मध्ये बोटभर जागा. वाचलेला चिंचोका रेघेपलीकडं सरकवायचा.

एकदा मी 'कोळसाखाण' मांडताना कोळच्या पुढं जागा सोडली. ती पदर तोंडाला लावून हसली. "अवो, सा ला कुठं हाकलला? ल्योक शेजाऱ्याच्या घरात घातला तुमी!" शेडातले गडी विचारायचे, "काय मिस्त्री, बायकोच्या शाळेत पास का नापास?" मी म्हणायचो, "नापास. पण जेवण मिळतंय."

माझे डोळे मिटायला लागले की ती उरलेल्या चिंचोक्यांवर तळहात ठेवायची. "ऱ्हाऊ द्या. बाकीचं सकाळी." पण अर्धा शब्द झाडून टाकायचा नाही, हा तिचा कायदा. सकाळी शब्द पुरा व्हायचा, मगच ती केर काढायची. मी कंटाळून म्हणायचो, "केर कुठं पळून चाललाय?" ती म्हणायची, "केर न्हाई पळत. तुमी पळता."

अर्धांग झाल्यावर मी मास्तर झालो. ती वाईट विद्यार्थीण. घशातून नुसता घरघर आवाज निघायचा. चिडायची, डाव्या हातानं चिंचोके भिंतीवर फेकायची. मग सरपटत जाऊन तीच गोळा करून आणायची. शेजारी म्हणायचे, "म्हातारा खुळा झालाय." मला तिच्या तोंडून एक आख्खा शब्द पाहिजे होता. कोणताही.

त्या संध्याकाळी तिनं पहिला चिंचोका सरकवला आणि म्हणाली, "मीठ."

स्वच्छ म्हणाली. मी म्हणालो, "अगं, झालं की! आता भाकरी." तिनं ओठ मिटले, उघडले. भा निघेना. मान हलवली आणि राहिलेल्या दोन चिंचोक्यांवर तळहात ठेवला. मी म्हणालो, "व्हय. बाकीचं सकाळी."

सकाळी उठवायला गेलो तर अंग गार.

बायका जमल्या. शेजारची अमीनाभाभी झाडणी घेऊन आली. "भाईजान, जागा झाडून घेते. मास्तरणीला खाली घ्यायचंय."

मी म्हणालो, "थांबा जरा."

रेघेपाशी बसलो. एक चिंचोका पलीकडं सरकवला. "भाक." दुसरा सरकवला. "री."

मग म्हणालो, "झाडा आता."