भाऊजींचा डावा हात

माझे धाकटे दीर वीस वर्षं टॅक्सी चालवतात, आणि त्यांच्या मते रस्त्यावरचे बाकीचे सगळे कालच शिकून आलेत. माणूस लाखातला, पण एक खोड वाईट. गाडी थांबली की मागे न बघता धाडकन दार उघडायचं. गेल्या महिन्यात त्या दारावर एक पोस्टमन सायकलसकट आदळला. देवाची कृपा, कोपर खरचटण्यावर निभावलं. पण भाऊजींचा परवाना अडकला. पुन्हा परीक्षा द्यायची. नापास झाले तर टॅक्सी कायमची गेली.

माझी जाऊ पावाच्या दुकानात कामाला जाते, तीही सायकलवरच. तिने पदर खोचला.

"आता शिकवणी माझ्याकडे. तुमचं दार उजवीकडे. ते उजव्या हाताने उघडता म्हणून मान वळत नाही. डावा हात वापरा, अंग आपोआप वळेल आणि मागचं दिसेल."

"अगं, वीस वर्षांची सवय आहे!"

"मग मोडायला जरा जोर लागेल, एवढंच."

तेव्हापासून घरातलं प्रत्येक दार भाऊजींनी डाव्या हाताने, मागे बघून उघडायचं. कपाट, फ्रिज, काही सुटलं नाही. परवा न्हाणीघराच्या दारात मान वळवून उभे राहिले, तर जाऊ स्वयंपाकघरातून ओरडली, "जा, रस्ता मोकळा आहे!" मी हसून हसून खाली बसले. पण रोज संध्याकाळी भाऊजी दारातल्या उभ्या टॅक्सीला फडकं मारत बसायचे. टॅक्सीशिवाय हा माणूस काय करणार, हा घोर माझ्या प्रार्थनेतही शिरायचा.

आज परीक्षा झाली. टॅक्सी ह्यांनी तिथवर नेली, मी सोबत होते. जाऊ कामावरून परस्पर सायकलने आली. परीक्षक साहेब भाऊजींच्या शेजारी बसले, गाडी फेरी मारून आली आणि आमच्यासमोर फुटपाथला लागली. आता फक्त उतरायचं होतं.

पण भाऊजींचं दार काही उघडेना.

"हात विसरले की काय!" जाऊचा चेहरा उतरला. मी देवाचा धावा सुरू केला.

तेवढ्यात मागून सायकली आल्या. कोपऱ्यावरची शाळा सुटली होती. आधी एक-दोन, मग थवेच्या थवे, पाठीवर दप्तरं, तोंडं अखंड चालू. भाऊजी मागे वळून बसलेले, डावा हात कडीवर.

"उतरा आता," साहेब म्हणाले. काच खाली होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"अजून एक येतेय, साहेब."

"ती केवढी लांब आहे!"

"येऊ दे की. माझी कुठे गाडी चुकतेय?"

एक चिमुरडी हँडल डुगडुगवत गेली, आणि मगच दार उघडलं.

"पास," साहेब म्हणाले. "पण माझा चहा बुडवलात तुम्ही."

"बाहेर यायला मुहूर्त बघत होता का?" जाऊने विचारलं आणि डोळे पुसले.

परतताना ती सायकलवर पुढे, आम्ही टॅक्सीत तिच्या मागे. गल्ली अरुंद. तिने पुढे जायची खूण केली, तरी भाऊजी अंतर राखून मागेच. ह्यांना राहवेना.

"अरे, हॉर्न तरी वाजव!"

"दादा, तूच वाजव. मला घरी जेवायचंय."

घरापर्यंत आम्ही सायकलच्या चालीनेच आलो. देवाचे आभार मानायला मला भरपूर वेळ मिळाला.