बायडाबाईनं मागितलेला घाट

बायडाबाईला लिहिता येणारी अक्षरं मोजकीच. तिच्या नावात जेवढी आहेत तेवढीच. पन्नाशी उलटल्यावर वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली आणि ती बिनविरोध पंचायतीची मेंबर झाली, तेव्हा नातीनं, वेदिकानं, तिला पाटीवर ती अक्षरं गिरवायला शिकवली.

"आजी, ड उलटा काढलास."

"त्यो उलटाच चांगला दिसतो."

तोवर तिचे हात फक्त कांद्याचे होते. सकाळी आठला लासलगाव रस्त्यावरच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर बसायचं आणि कांदा निवडायचा. मोठा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं, सडका पाठीमागं. अशी तीस वर्षं गेली. कांद्याचा वास बोटांच्या पेरांत इतका मुरला होता की साबणानं जात नव्हता आणि सणालाही जात नव्हता. त्याच बोटांनी ती सही करू लागली. सही करताना तिची जीभ दातांत यायची आणि सही झाली की ती कागदाकडं लांबून पाहायची, अंगणात काढलेल्या रांगोळीकडं पाहावं तशी.

मेंबर ती होती, पण गाव मेंबर म्हणायचं तिच्या नवऱ्याला, वाल्मीकला. बैठकीला तोच जायचा. मागाहून शिपाई वही घेऊन घरी यायचा. वाल्मीक बोट ठेवायचा, तिथं ती सही करायची. एवढीच तिची मेंबरकी.

फक्त एका दिवशी वाल्मीकचं काही चालायचं नाही. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. त्या वर्षी ती मारुतीच्या पारावर भरली. ग्रामसेवक भारत वही उघडून बसला. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत.

"पंचायतीच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा बायकापोरांसाठी खर्च करायचा, असा नियम आहे. बोला, काय पाहिजे? का दरवर्षीसारखी शिलाई मशीनच लिहू?"

"भाऊसाहेब, गेल्या सालची मशिनं कुठं हायेत? आम्हाला तर सुई पण नाय दिसली," राखी म्हणाली. राखी बायडाबाईच्या शेजारची सून, समाधानची बायको. सव्वीस वर्षांची, लेक तीन वर्षांची, तोंड सगळ्या गल्लीला पुरणारं. बायका पदरात तोंड घालून हसल्या.

मग बायडाबाई उठली. सभेत ती पहिल्यांदाच उभी राहत होती.

"आम्हाला घाट पाहिजे. नदीवर."

कुठला घाट, हे तिथं कुणी विचारलं नाही, कारण बसलेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. आमच्या गावात नळ चौथ्या दिवशी येतो, तो प्यायला पुरत नाही. धुणं नदीवर, बंधाऱ्याच्या अलीकडच्या काठाला. पूर्वी तिथं गुडघाभर पाणी असायचं. दोन सालांमागं जेसीबी लावून बंधाऱ्यातला गाळ काढला आणि द्राक्षांच्या मळ्यांत नेऊन टाकला. मळे काळेभोर झाले, पण काठ तुटला. आता धुण्याच्या दगडापुढं दोन पावलं टाकली की खाली तळ नाही. दगडांवर शेवाळ. किती बायका तिथं घसरल्या आणि हसत वर आल्या, त्याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता.

"मावशी, साखळी पण सांगा," राखीनं बायडाबाईचा पदर ओढला. "धरायला. मला पवता येत नाय."

"तुला बोलता येतं, तेवढं बास हाय," दुसरी म्हणाली.

भाऊसाहेबांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं: नदीवर घाट बांधणे. पायऱ्या आल्या म्हणजे साखळी आलीच, असं म्हणून त्यांनी वही पुढं सरकवली. बायडाबाईनं जीभ दातांत धरून सही केली. घरी आल्यावर तिनं गूळ घालून चहा केला आणि वाल्मीकला दिला. कशासाठी, ते सांगितलं नाही.

फाल्गुनात काम सुरू झालं. ट्रॅक्टरनं खडी आली, सिमेंट आलं, पण सगळं नदीच्या पलीकडं, स्मशानाशेजारी उतरलं. बायडाबाई खळ्यावरून परस्पर तिकडं गेली. सरपंच सोमनाथआप्पा सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

"आप्पा, हे काय चाललंय?"

"घाट. तुमचाच ठराव हाय, ताई. दहाव्याला माणसं उन्हात चिखलात उभी राहत्यात, किती दिवसांची मागणी होती. नदीवर घाट, वहीत तसंच हाय."

"आम्ही धुण्याचा मागितला होता."

"धुण्याचा कुठं लिवलंय? दाखवा बरं."

ती काय दाखवणार? शेजारचे दोघं हसले. आप्पा मात्र हसले नाहीत, समजावणीच्या सुरात म्हणाले, "दहावा काय फक्त बाप्यांचाच होतो का? बायकांचाही होतो की."

घाट देखणा झाला. अकरा पायऱ्या, वर पत्र्याची शेड, कडेला स्टीलचा कठडा आणि तिथल्या गुडघाभर पाण्यातही धरायला साखळी. पाटीवर लिहिलं होतं: दशक्रिया विधी घाट, महिला व बालकल्याण निधी. वेदिकानं ते आजीला वाचून दाखवलं. बायडाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं.

चैत्रात ती आणि राखी धुण्याची बोचकी घेऊन पूल ओलांडून तिथं गेल्या. पायरीवर साबण ठेवतात तोच एक म्हातारा ओरडत आला. पिंडाच्या जागी लुगडी धुता का? बोचकी उचलून दोघी परतल्या. राखी वाटेनं म्हणाली, "मावशी, तिथं जायला आधी मरावं लागतं वाटतं." बायडाबाईनं तिला दटावलं.

त्या रात्री ती वाल्मीकला म्हणाली, "माझ्या सहीनं झालंय ते." वाल्मीकनं कूस बदलली. "तुझी सही कोण बघतं," एवढंच तो बोलला.

पुढचा पितृपाट आला. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली चिंधी न् चिंधी धुतात. गोधड्या तर हव्याच. कोरडी गोधडी लेकरासारखी हलकी, पण एकदा पाणी प्यायली की दोन बायकांना उचलत नाही. नदी भरून वाहत होती. द्वितीयेच्या सकाळी काठावर सात बायका होत्या. बायडाबाई खळ्यावर होती. साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा सडायला लागला होता आणि निवडायची घाई होती.

राखीनं सासूची गोधडी पाण्यात सोडली आणि धारेनं ती ओढली. घरची गोधडी कोण सोडतं? तिनं टोक धरून ठेवलं. पाय शेवाळावर होता. बायका सांगतात, ती ओरडली नाही; "अगं अगं" असं काहीतरी म्हणाली, गोधडीलाच म्हणाल्यासारखी. धरायला तिथं काही नव्हतं. एकीनं लुगडं फेकलं, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. पोरं, गडी धावत आले तोवर बंधाऱ्याच्या फळ्यांशी नुसती गोधडी गोळा होऊन अडकली होती. राखी दुपारी सापडली. तिच्या मुठीत धाग्यांचा झुबका होता.

दहावा नव्या घाटावर झाला. त्या घाटावरचा तो पहिला बाईमाणसाचा दहावा. पुरुष पायऱ्यांवर, बायका शेडच्या कडेला. भात मांडला, पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. कावळे होते, पण पलीकडच्या बाभळीवर. कुणी उतरेना.

समाधाननं हात जोडले. "पोरीला सांभाळीन." कावळा आला नाही. "दुसरी करणार नाय." नाही. राखीच्या आईनं हिरव्या लुगड्याचं कबूल केलं, भावानं भाचीच्या लग्नाचं. ऊन चढलं. लोक घड्याळ बघू लागले.

"पितृपाटातले कावळे," आप्पा हळूच म्हणाले. "घरोघरी जेवून पोटं भरल्यात त्यांची."

तेव्हा बायडाबाई बायकांतून उठली आणि एक एक पायरी उतरून पुरुषांच्या मधोमध येऊन उभी राहिली. वाल्मीकनं डोळे वटारले, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"आप्पा, तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"साखळी लावतो म्हणा. धुण्यावर. तिला तीच पाहिजे होती, मला सांगत होती."

आप्पांनी घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता. गावात कुणाचं मयत झालं तर पहिलं लाकूड त्यांच्या मळ्यातून यायचं. पण पिंडापुढं दिलेला शब्द मोडता येत नाही, हे तेही जाणत होते.

"ताई, ते असं म्हणून होत नाय. आराखड्यात बसावं लागतं. बायकांचा पैसा तर सगळा इथंच लागला. पुढच्या साली बघू."

"मग कावळ्याला सांगा तसं. पुढच्या साली ये म्हणा."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळा घाट आप्पांच्या तोंडाकडं बघत होता. मग ते गुरुजींना म्हणाले, "उशीर झालाय. दर्भाचा करा."

गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळल्या, गाठ मारून कावळा केला आणि तो पिंडाला शिवला. विधी पूर्ण झाला. लोक भराभर उठले. बाभळीवरचे कावळे तिथंच होते. बायडाबाई शेवटच्या पायरीवर बसून राहिली, साखळीला हात लावून. साखळी उन्हानं तापली होती.

घट बसले आणि चार दिवसांनी बायकांची सभा झाली. भाऊसाहेबांनी ठराव लिहून आणला होता आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचून दाखवला: महिलांसाठी नदीवर सुविधा करणे. त्यांनी वही सरकवली. बायडाबाईनं पेन उचललं आणि 'सुविधा' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग जीभ दातांत धरून तिनं वर लिहायला घेतलं. आठ दिवस वेदिकाच्या पाटीवर तिनं ते गिरवलं होतं. धुण्याचा घाट. साखळी. अक्षरं मोठी होती, शेवटची ओळीबाहेर गेली.

"वहीत अशी खाडाखोड चालत नाही, ताई," भाऊसाहेब म्हणाले.

"मग सही पण चालणार नाय," असं म्हणून तिनं पेन खाली ठेवलं. तिच्यामागं बसलेल्या एकाही बाईनं त्या वहीत सही केली नाही, अंगठाही दिला नाही. वही तशीच मिटून गेली.

तो ठराव अजून पुरा झालेला नाही. धुण्यावर साखळी नाही. आता बायका दोघीदोघींनी जातात. एक पाण्याशी वाकते, दुसरी वर कोरड्यात पाय रोवून बसते आणि पदराला पदर बांधतात. गोधडी असेल तर तिघी.