लाळेचा धडा

मोताळ्याच्या आमच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर विज्ञान शिकवणारे एक सर आहेत. दोन वाक्यं बोलली की ते पाण्याचा घोट घेतात आणि गिळण्याआधी तोंडात घोळवत राहतात. गालाच्या कॅन्सरवर रेडिएशन झालं तेव्हापासून त्यांच्या तोंडाला लाळ सुटत नाही. कुणी हळहळलं की ते लगेच पावसापाण्याचं विचारतात.

परवा ते वर्गात विकरं, म्हणजे एंझाइम, शिकवत होते. घरून आणलेली ज्वारीची भाकर त्यांनी पोरांना तुकडा तुकडा वाटली.

"गिळू नका, चावत राहा. लाळेतलं विकर पिठाची साखर करते. पण तेच उकळलं का त्याचा आकार बिघडते. मंग थंड केलं तरी ते कामाचं राहत नाही."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुम्हाले लागली का गोड?"

मी खडू मागायला आलो होतो, तो दारातच थबकलो. सर 'हो' म्हणून मोकळे होतील, असं मला वाटलं.

"नाही बाई. माह्या तोंडात लाळच नाही, तं विकर कुठून येईन? मले भाकर मातीसारखी लागते."

सर पाण्याचा घोट घेऊन तिच्याकडे वळले.

"तू सांग, कशी लागते?"

ती बराच वेळ चावत राहिली. "पहिले काहीच नाही लागत, सर. मंग हळूच जिभेच्या मांगून गोडी येते. दुधात कुस्करल्यावानी."

सर डोळे मिटून ऐकत होते.

"अजून सांग," ते म्हणाले.